रिमोट चावीतील सेल : कार्य, क्षय आणि बदल

मोटारीच्या रिमोट चावीतील नाण्याच्या आकाराचा सेल ज्या दिवशी काम देईनासा होतो, त्या दिवशी त्याच्यात रासायनिक ऊर्जा बहुधा शिल्लक असते. मात्र चावीला निमिषभर लागणारा जोरकस विद्युतप्रवाह पुरवण्याची ताकद त्याच्यात उरलेली नसते. या एका वस्तुस्थितीतून सेलसंबंधीच्या जवळजवळ सर्व प्रश्नांची उत्तरे निघतात. चावीचा पल्ला आधी कमी का होतो, मल्टिमीटरवर ठीक दिसणारा सेल चावीत का चालत नाही, थंडीच्या सकाळी दगा देणारी चावी दुपारी पुन्हा कशी चालू लागते, आणि काढून टाकलेला सेल लहान मुलाच्या हाती लागणे तरीही धोक्याचे का असते, हे सारे त्यातूनच उलगडते. म्हणून सेल कसा बदलावा याकडे वळण्यापूर्वी चावी त्याच्याकडून नेमके काय मागते आणि तो ते कसे पुरवतो, हे पाहणे आवश्यक आहे.

दुरून दार उघडणारी चावी मोटारींत आली ती १९८० च्या दशकात. फ्रान्समधील रेनॉ कंपनीने १९८२ मध्ये आपल्या 'फ्यूगो' या मोटारीला अशी चावी दिली. ती अवरक्त किरणांवर, म्हणजे तांबड्या प्रकाशापलीकडच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांवर चालत असल्यामुळे मोटारीच्या दिशेने रोखून धरावी लागे. पुढे रेडिओलहरींनी ही अडचण दूर केली. आज युरोपातील आणि भारतातील मोटारींच्या चाव्या साधारणतः ४३३.९२ मेगाहर्ट्‌झ या वारंवारतेवर संदेश पाठवतात, तर अमेरिका आणि जपान येथे ३१५ मेगाहर्ट्‌झ ही वारंवारता अधिक रूढ आहे. बटण दाबताच चावीतील सूक्ष्मनियंत्रक, म्हणजे एका चिपवर सामावलेला छोटा संगणक, झोपेतून जागा होतो, एक सांकेतिक संदेश तयार करतो, तो प्रक्षेपकाकडे सोपवतो आणि पुन्हा झोपी जातो. हे सारे सेकंदाच्या एका अंशात उरकते, आणि सेलची खरी कसोटी लागते ती तेवढ्याच काळात.

याच चावीत आणखी एक व्यवस्था असते जिला सेलची मुळीच गरज नसते, आणि तिची माहिती नसल्यामुळे अनेकांची उगाच धावपळ होते. ही व्यवस्था म्हणजे इमोबिलायझरचा ट्रान्सपाँडर. इमोबिलायझर ही ओळखीची चावी पटल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा असून, १९९५ च्या युरोपीय निर्देशानुसार ऑक्टोबर १९९८ पासून तेथील नव्या मोटारींत ती सक्तीची झाली. चावी फिरवण्याच्या खाचेभोवती तारेचे एक वेटोळे असते. त्यातून सुमारे १२५ किलोहर्ट्‌झचे चुंबकीय क्षेत्र निर्माण होते, त्या क्षेत्रामुळे चावीतील लहानशा वेटोळ्यात वीज उत्पन्न होते, आणि तेवढ्या विजेवर ट्रान्सपाँडर आपली ओळख कळवतो. याचा अर्थ असा की चावीतील सेल पूर्ण निकामी झाला तरी इंजिन सुरू होण्याचा मार्ग मोटार बनवणाऱ्यांनी खुला ठेवलेला असतो.

बटण दाबून इंजिन सुरू करण्याच्या मोटारींबरोबर जी 'स्मार्ट' चावी मिळते, तिचे काम याहून कष्टाचे आहे. दाराच्या मुठीला हात लागताच मोटार कमी वारंवारतेची हाक देते आणि खिशातील चावीने ती ऐकून रेडिओलहरींनी उत्तर द्यायचे असते. त्यासाठी चावीचा ग्राहक अहोरात्र कान देऊन बसलेला असतो. या ऐकण्याची किंमत मोजून पाहण्यासारखी आहे. सीआर २०३२ जातीच्या सेलची धारकता सुमारे २२० मिलिअँपिअर-तास असते, म्हणजे १ मिलिअँपिअर इतका प्रवाह तो २२० तास देऊ शकतो. ग्राहकाला सतत ५ मायक्रोअँपिअर, म्हणजे एका अँपिअरचा दोन लाखांवा भाग, लागतो असे धरले, तर वर्षाच्या ८,७६० तासांत जवळपास ४४ मिलिअँपिअर-तास खर्च होतात. उलट रोज २० वेळा बटण दाबले आणि दर वेळी अर्धा सेकंद १५ मिलिअँपिअरचा प्रवाह वाहिला, तरी वर्षाचा खर्च १५ मिलिअँपिअर-तासांच्या आसपासच राहतो. बोलण्यापेक्षा ऐकत राहणे महाग पडते, ते असे. चावी मोटारीच्या अगदी जवळ, उदाहरणार्थ वाहनतळाला लागून असलेल्या भिंतीवरच्या खुंटीला, टांगून ठेवण्याची सवय असेल, तर काही मोटारींची हाक तिला पुन्हापुन्हा जागे करते आणि सेलचे आयुष्य आणखी घटते. साध्या रिमोट चावीत तीन-चार वर्षे टिकणारा सेल स्मार्ट चावीत वर्षा-दोन वर्षांत बदलावा लागला, तर त्यात सेलचा दोष नसतो.

आता खुद्द सेलकडे वळता येईल. पोलादी डबीच्या आत एका बाजूला लिथियम धातूची पातळ चकती आणि दुसऱ्या बाजूला मँगनीज डायऑक्साइडची दाबून घट्ट केलेली वडी असते. या दोहोंमध्ये सच्छिद्र पडदा आणि लिथियमचा क्षार विरघळवलेले सेंद्रिय द्रावक असते. द्रावक पाण्याचे असून चालत नाही, कारण लिथियम पाण्याशी तीव्र प्रक्रिया करते. चावी चालू असताना लिथियमचे अणू आपले इलेक्ट्रॉन बाहेरच्या मंडलाला देतात आणि स्वतः आयन बनून द्रावकातून पलीकडे जातात, तेथे मँगनीज डायऑक्साइडच्या स्फटिकातील मोकळ्या जागांत शिरून बसतात. लिथियम हा धातूंमध्ये सर्वांत हलका आणि इलेक्ट्रॉन देण्यास अत्यंत तत्पर असल्यामुळे अवघ्या ३ ग्रॅम वजनाच्या या डबीतून ३ व्होल्ट मिळतात, म्हणजे भिंतीवरच्या घड्याळातील दोन पेन्सिल सेल मिळून देतील तेवढे. शिवाय न वापरता ठेवल्यास त्याची धारकता वर्षाला सुमारे १ टक्का इतकीच घटते. मोबाइलमधील लिथियम-आयन बॅटरी, जिच्या संशोधनासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, ती वेगळी. ती पुन्हा भारित करता येते. चावीतील सेल एकदाच वापरायचा असतो आणि त्याला भारित करण्याचा प्रयत्न केल्यास तो फुगून फुटू शकतो.

या सेलचा एक गुण असा की त्याचा विद्युतदाब आयुष्याचा बराच काळ ३ व्होल्टच्या आसपास स्थिर राहतो. वाढत जातो तो अंतर्गत रोध, म्हणजे सेलच्या स्वतःच्या पोटातून प्रवाह वाहताना होणारा अडथळा. लिथियमची चकती झिजते, मँगनीज डायऑक्साइडमधील मोकळ्या जागा भरत जातात, आणि आयनांची ये-जा जड होत जाते. नव्या सेलचा रोध १५ ओहम आहे असे समजल्यास, चावीने १५ मिलिअँपिअर मागितले की जेमतेम पाव व्होल्ट सेलच्याच आत खर्ची पडतो आणि चिपला २.८ व्होल्टच्या जवळपास मिळतात. जुन्या सेलचा रोध ७० ओहमवर गेला असेल, तर तेवढ्याच मागणीला १ व्होल्टहून अधिक आतच गळतो; मुळात २.८ व्होल्ट असले तरी चिपच्या वाट्याला १.८ व्होल्टसुद्धा येत नाहीत, आणि बहुतेक चिपांचे काम त्याच सुमारास थांबते. मल्टिमीटर मात्र सेलकडून नाममात्र प्रवाह घेत असल्यामुळे त्याला हा रोध जाणवत नाही आणि तो निर्धास्तपणे २.८ चा आकडा दाखवतो. सेलची खरी परीक्षा करायची तर त्याच्यावर क्षणभर भार टाकून, उदाहरणार्थ २०० ओहमचा रोधक जोडून, त्या स्थितीत दाब किती कोसळतो ते पाहावे लागते.

लक्षणेही याच कारणाने ठरावीक क्रमाने दिसतात. प्रक्षेपकाला मिळणारा दाब उतरला की संदेशाची शक्ती घटते, म्हणून वीस-पंचवीस पावलांवरून उघडणारे दार आधी पाच पावलांवर येते. मग बटण दोन-तीनदा दाबावे लागते. आणि अनेक नव्या मोटारींत चालकासमोरच्या पडद्यावर चावीचा सेल क्षीण झाल्याची सूचना उमटते. थंडीत द्रावकातील आयनांची चाल मंदावून रोध आणखी वाढतो. नाशिक-पुण्याच्या डिसेंबरात हा परिणाम सौम्य असतो, परंतु कॅनडात किंवा जर्मनीत राहणाऱ्यांना तो चांगलाच जाणवतो आणि चावी खिशात ऊबेला ठेवली की ती पुन्हा चालू लागते. विदर्भ-मराठवाड्यात प्रश्न उलट आहे: उन्हात बंद राहिलेल्या मोटारीच्या डॅशबोर्डवरचे तापमान ७० अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊ शकते, आणि अशा उष्णतेत सेलमधील द्रावक त्याच्या प्लॅस्टिकच्या पॅकिंगमधून हळूहळू निसटून सेल अकाली म्हातारा होतो. जास्तीची चावी मोटारीतच ठेवून देण्याची प्रथा चोरीच्या भयाशिवाय या कारणासाठीही टाळावी.

बदली सेल आणताना त्याच्या पाठीवरचा क्रमांक वाचता आला पाहिजे. सीआर २०३२ यातील 'सी' हे अक्षर लिथियम-मँगनीज डायऑक्साइड हे रसायन दाखवते, 'आर' गोल आकार दाखवते, २० हा मिलिमीटरमधील व्यास असतो आणि ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी. चाव्यांमध्ये याच्याबरोबर सीआर २०२५, सीआर १६३२, सीआर १६२० आणि सीआर २४५० हे सेलही आढळतात. २०२५ हा सेल २०३२ च्या जागी बसतो खरा, पण ०.७ मिलिमीटरची फट राहून धक्क्यासरशी संपर्क तुटतो; उलट २०२५ च्या जागी २०३२ दामटल्यास सेलला टेकणाऱ्या पात्या कायमच्या वाकतात आणि पुढे योग्य सेलही नीट बसेनासा होतो. सीआर २०१६ चे दोन सेल एकावर एक ठेवले की जाडी नेमकी ३.२ मिलिमीटर भरते, आणि हा सापळा विशेष धोक्याचा आहे, कारण दाब ६ व्होल्ट होऊन चावीतील चिप जळू शकते; जुन्या काही चाव्यांची रचनाच दोन सेलांची असते, त्यांची गोष्ट निराळी. एलआयआर २०३२ हा पुन्हा भारित होणारा सेल आकाराने तंतोतंत सारखा असला, तरी पूर्ण भारित अवस्थेत तो ४.२ व्होल्ट देतो आणि त्याची धारकता मात्र फारच कमी असते, म्हणून तो चावीसाठी घेऊ नये. एका पुडीत सुटे ठेवलेले सेल घेणेही योग्य नव्हे. एकमेकांना टेकून ते वाटेतच उतरत राहतात. प्रत्येक सेल स्वतंत्र खणात असलेले, मुदत छापलेले पाकीट घ्यावे.

चावी उघडण्याची पद्धत मोटारीगणिक बदलते आणि वाहनासोबतच्या पुस्तिकेत ती चित्रासह दिलेली असते, तरी काही बाबी सर्वत्र लागू पडतात. स्मार्ट चावीत बहुधा एक लहान कळ सरकवल्यावर आतली धातूची चावी बाहेर निघते, आणि ती निघालेल्या जागीच कवच उघडण्याची खाच सापडते. इतर चाव्यांत कडेला अशी खाच असते किंवा मागे एखादा बारीक स्क्रू असतो. चपट्या स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाला कापड गुंडाळून ते खाचेत घालावे आणि उचकटण्याऐवजी हलकेच पिळावे, म्हणजे कवचाच्या आतील आकड्या तुटत नाहीत. चावी उघडताना ती ताटात किंवा पसरलेल्या पांढऱ्या कापडावर धरणे शहाणपणाचे असते, कारण दुमडणाऱ्या पात्याच्या कित्येक जुन्या चाव्यांत ट्रान्सपाँडर हा काचेच्या बारीक नळीच्या किंवा काळ्या खड्याच्या रूपात कवचाच्या एका कप्प्यात नुसता ठेवलेला असतो. तो घरंगळून हरवला, तर नवा सेल घातलेली चावी दार उघडते पण इंजिन सुरू होत नाही, आणि दोष सेलचा की मोटारीचा हे कळता कळत नाही. घड्याळवाल्याकडून किंवा चावीवाल्याकडून सेल बदलून घेणाऱ्यांनीही या तुकड्यावर लक्ष ठेवावे.

जुना सेल काढण्याआधी त्याची अधिक चिन्हाची बाजू वर आहे की खाली, हे पाहून ठेवावे. मोबाइलवर छायाचित्र काढले तर अधिक बरे. या सेलमध्ये रुंद, कडेपर्यंत वळलेली डबी ही धन बाजू असते आणि आतील लहान चकती ही ऋण. दोन्ही बाजूंना एकदम टेकेल असा धातूचा चिमटा वापरू नये, कारण त्यामुळे नवा सेलही क्षणभर लघुपथित होतो, म्हणजे त्याची वीज कोणतेही काम न करता थेट वाहून जाते. सेल कडेने धरावा आणि बोटांचा तेलकटपणा लागलाच तर कोरड्या स्वच्छ कापडाने पुसावा. मुलांनी सेल गिळू नये म्हणून काही कंपन्या अलीकडे त्याच्यावर अतिशय कडू द्रव्याचा थर देतात. हा उपाय स्तुत्य आहे, पण काही उपकरणांत हा थर नेमका संपर्काच्या जागी येऊन सेल मृत असल्याचा भास होतो, आणि तेव्हा सेल किंचित फिरवून बसवणे उपयोगी पडते. कवच मिटताना कडेचे रबरी पॅकिंग आपल्या खोबणीत बसले आहे ना, हे पाहावे, कारण पावसाळ्यात चावीतील विद्युतमंडलाच्या पट्टीला तेच ओलीपासून वाचवते.

सेल काढल्यावर चावीची स्मृती पुसली जाईल आणि तिला मोटारीची ओळख पुन्हा शिकवावी लागेल, ही भीती बहुतेक बाबतींत निराधार आहे, कारण ओळखीचा संकेत वीज नसतानाही टिकणाऱ्या स्मृतीत लिहिलेला असतो. दार उघडण्यासाठी मात्र चावी दर वेळी वेगळा संकेत पाठवते, नाही तर कोणीही तो पकडून पुन्हा पाठवला असता. दक्षिण आफ्रिकेत १९८० च्या दशकात तयार झालेल्या आणि १९९५ मध्ये अमेरिकेच्या मायक्रोचिप कंपनीने विकत घेतलेल्या 'कीलॉक' या प्रसिद्ध पद्धतीत चावीकडे एक गणक असतो, जो प्रत्येक दाबण्याला एकाने पुढे सरकतो, आणि मोटारीला शेवटचा ऐकलेला आकडा ठाऊक असतो. मोटार त्यापुढचे १६ आकडे मुकाट्याने मान्य करते. चावी त्याहून पुढे गेली असेल, तर लागोपाठ दोन वैध संदेश मिळाल्यावर ती आपला हिशेब जुळवून घेते. सेल बदलल्यानंतर दार पहिल्या दाबाला उघडले नाही, तर मोटारीजवळ उभे राहून बटण दोन-चार वेळा दाबण्याचा सल्ला दिला जातो, तो यासाठी. तरीही चावी मूकच राहिली, तर सेल उलटा बसला आहे का, पात्या वाकल्या आहेत का, हे तपासून मगच सेवाकेंद्र गाठावे.

सेल प्रवासात, दूर कुठे तरी निकामी झाला तरी अडकून पडण्याचे कारण नाही. स्मार्ट चावीतील धातूच्या चावीने चालकाचे दार उघडता येते. कुलूपाचे छिद्र दिसत नसेल, तर ते बहुधा मुठीवरच्या लहान झाकणाखाली असते. असे दार उघडल्यावर चोरीचा भोंगा वाजू शकतो, पण चावी ओळखली गेली की तो थांबतो. इंजिनासाठी ब्रेक दाबून चावीच सुरुवातीच्या बटणाला टेकवावी किंवा चावीनेच ते बटण दाबावे. अनेक मोटारींत बटणामागे इमोबिलायझरचे वेटोळे दडवलेले असते आणि ते ट्रान्सपाँडरला लागणारी वीज स्वतः पुरवते. काही मोटारींत ही जागा दोन आसनांमधल्या कप्प्यात किंवा सुकाणूच्या खांबावर असते, म्हणून आपल्या मोटारीची जागा पुस्तिकेतून आधीच हेरून ठेवावी.

काढलेल्या सेलविषयी सर्वांत गंभीर गोष्ट सांगायची राहिली आहे. चावीला नकोसा झालेला सेलही मोकळ्या अवस्थेत अडीच व्होल्टांहून अधिक दाब देत असतो, आणि पाण्याचे विघटन होण्यास सुमारे १.२३ व्होल्ट पुरतात. वीस मिलिमीटर व्यासाचा सेल लहान मुलाने गिळला, तर तो अन्ननलिकेत अडकू शकतो. ओलसर ऊतींतून मंडल पूर्ण होते आणि ऋण बाजूला हायड्रॉक्साइड, म्हणजे तीव्र दाहक अल्कली, तयार होऊ लागते. येथे लागणारा प्रवाह अल्प असल्यामुळे वाढलेला अंतर्गत रोध मुलाला वाचवत नाही. दोन तासांतच अन्ननलिकेला खोल भाजते आणि पुढे तिला छिद्र पडू शकते. सुरुवातीला मूल नुसती लाळ गाळते, खोकते किंवा जेवण नाकारते, आणि क्ष-किरण चित्रात सेल नाण्यासारखा दिसतो. त्याच्या कडेची दुहेरी वर्तुळाकार रेषा पाहूनच डॉक्टर फरक ओळखतात. शंका येताच मुलाला तातडीने रुग्णालयात न्यावे, उलटी काढू नये. सेल गिळून बारा तास झाले नसतील, मूल एक वर्षाहून मोठे असेल आणि गिळू शकत असेल, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन लहान चमचे मध द्यावा, असे अमेरिकेतील विषबाधा-तज्ज्ञांचे मार्गदर्शन आहे. मधाने दाह मंदावतो, पण मध शोधण्यात निघण्याचा वेळ घालवू नये. याच धोक्यापायी ऑस्ट्रेलियाने जून २०२२ पासून अशा सेलसाठी सुरक्षेचे नियम सक्तीचे केले, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेत 'रीझेस लॉ' हा कायदा झाला.

म्हणून जुना सेल निघताक्षणीच त्याच्या दोन्ही बाजूंवर चिकटपट्टी लावून तो मुलांच्या हाताबाहेर ठेवावा. पट्टीमुळे आणखी एक गोष्ट साधते: डब्यात इतर सेलांना किंवा धातूच्या तुकड्यांना टेकून तो लघुपथित होत नाही आणि तापत नाही. भारतात ऑगस्ट २०२२ मध्ये लागू झालेल्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांत असे लहान सेलही येतात. वापरलेले सेल घरच्या मिश्र कचऱ्यापासून वेगळे ठेवून संकलन करणाऱ्याकडे देणे हे त्या नियमांनुसार ग्राहकाचे कर्तव्य आहे, आणि ते परत घेऊन त्यांच्या पुनर्चक्रणाची व्यवस्था करण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे.